वाघाच्या हिशेबात बाईची मजुरी

मे महिना लागला की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत एकच लगबग असते. तेंदूपत्त्याचा हंगाम! शेतात काम नसते, धानाची रोवणी अजून दूर असते, घरातली कणगी रिकामी होत आलेली असते. हातात रोख पैसा पडण्याचे हेच थोडे दिवस. बाया पहाटेच्या अंधारात शिदोरी बांधून जंगलात शिरतात. ऊन चढेपर्यंत पाने तोडतात आणि डोक्यावर गाठोडे घेऊन घरी येतात. मग म्हाताऱ्या सासूपासून शाळकरी पोरांपर्यंत सारे घर पुडे बांधायला बसते. संध्याकाळी ते पुडे फळीवर मोजून द्यायचे. त्या पैशातून बियाणे येते, पोरांच्या वह्या येतात, दुकानदाराची उधारी फिटते.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल या गावच्या तीन स्त्रिया अशाच पाने तोडायला गेल्या. वाघाच्या हल्ल्यात तिघींचाही जीव गेला. त्या एका मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात वाघाने दहाच्या वर माणसे मारली. वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या, पुढारी येऊन भेटून गेले, मदतीचे धनादेश दिले गेले. पाचव्या दिवशी उरलेल्या बाया पुन्हा जंगलाच्या वाटेला लागल्या. न जाऊन करणार काय?

शहरातला माणूस विचारतो, "वाघ आहे हे माहीत असूनही या बाया जंगलात जातातच कशाला?" हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा त्यांच्या घरातली चूल आणि पिठाचा डबा पाहावा. हौसेने जंगलात कोणी जात नाही. पोट नेते तिकडे माणूस जातो.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२० ते २०२४ या पाच वर्षांत देशात वाघांच्या हल्ल्यांत ३७८ माणसे मेली. त्यांतली २१८ एकट्या महाराष्ट्रातली आहेत. म्हणजे देशात वाघाने मारलेल्या दर दोन माणसांमागे एकाहून अधिक आपल्या राज्याचे! आणि महाराष्ट्रात हा भार मुख्यतः चंद्रपूर आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांनी सोसला आहे.

राजुरा भागात एका वाघाने आठ माणसांचा बळी घेतला. तो ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला. दुसऱ्या एका वाघाने तेरा माणसे मारली. त्याला ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात जेरबंद केले. त्याआधी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागातल्या 'अवनी' वाघिणीवर तेरा बळींचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घातली गेली, तेव्हा देशभर केवढा गहजब झाला! दिल्ली-मुंबईत मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या. त्या वाघिणीचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. मेलेल्या तेरा माणसांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते काय?

वाघाच्या मरणाचे दुःख करू नये, असे आम्ही म्हणत नाही. मुके जनावर आहे, त्याच्या स्वभावाप्रमाणे वागते. पण मजुराच्या मरणाचेही तेवढेच दुःख झाले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

वाघ गावाशी का आला?

वाघ चवताळले म्हणून असे होते, असा पुष्कळांचा समज आहे. खरे कारण निराळे आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. शिकार बंद झाली, राखण वाढली. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते. २०१४ मध्ये ते १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. सोळा वर्षांत चौपटीहून जास्त! ही कामगिरी लहान नाही, आणि तिचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण वाघ चौपट झाले तेव्हा जंगल चौपट झाले का? उलट कोळशाच्या खाणी वाढल्या, रस्ते रुंदावले, कालवे खोदले गेले, जंगलाचे तुकडे पडले. वाघाचा बच्चा दोन वर्षांचा झाला की आईला सोडतो आणि स्वतःचा मुलूख शोधू लागतो. ताडोब्यात आधीच वाघ दाटीने आहेत. मोठा नर त्याला टिकू देत नाही. मग तो ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या बाजूला सरकतो. इथे धानाच्या बांध्या, बोड्या-तलाव, झुडपी जंगल आणि गावे एकमेकांत मिसळलेली आहेत. प्यायला पाणी आहे, खायला रानडुकरे आहेत, चरायला आलेली गुरे आहेत. वाघाला आणखी काय पाहिजे?

मुलूख शोधणारा वाघ किती भटकतो याचा एक दाखला पाहा. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्याच्या गळ्यात पट्टा बसवलेला होता, म्हणून कळले की तो तीन हजार किलोमीटरांच्या वर चालला. शेते, नाले, रस्ते, गावांची शिवारे ओलांडत तो गेला. त्याला कागदावरच्या हद्दी कशा कळणार?

जाणकार असेही सांगतात की उभा माणूस हे वाघाचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. बहुतेक वाघ माणसाची चाहूल लागली की बाजूला होतात. पण पाने तोडताना, मोहफुले वेचताना किंवा गवत कापताना बाई वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते. झुडपाआडून ती चार पायांच्या जनावरासारखी दिसते. मोहफुले रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून ती वेचायला अंधारातच जावे लागते. हरणेही त्याच वेळी मोहाखाली येतात, आणि हरणांमागे वाघ येतो. बाईचे काम, कामाची वेळ आणि वाघाची वेळ एकच पडते. बळींमध्ये मजूर बाया आणि गुराखी एवढे का दिसतात, याचे उत्तर यात आहे.

त्यात आपल्या वस्त्यांचा विचार करा. जुन्या गावरचनेने आपल्या लोकांना गावाच्या टोकाला ठेवले. अनेक गावांत आजही जंगलाची, नाल्याची बाजू आधी लागते ती आपल्याच वस्तीला. शेत नाही म्हणून जंगलाचा आधार जास्त, आणि वस्ती कडेला म्हणून धोकाही जास्त.

न दिसणारा खर्च

सरकार मरणाची किंमत ठरवते. महाराष्ट्रात माणूस मेल्यास २०१८ पासून १५ लाख, २०२२ मध्ये २० लाख आणि २०२३ पासून २५ लाख रुपये वारसांना देण्याचा नियम आहे. कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख, गंभीर जखमी झाल्यास पाच लाख. आकडा वाढत गेला हे बरेच झाले. पण आकडा वाढला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे चूक आहे. मरण मोजता येते. जगण्याचा रोजचा खर्च कोणी मोजत नाही.

गावाजवळ वाघ दिसला की वन विभाग दवंडी देतो, "जंगलात जाऊ नका." सूचना योग्यच आहे. पण त्या दिवसांची मजुरी कोण देणार? हंगामच थोड्या दिवसांचा. त्यातले आठ दिवस बुडाले तर वर्षाचा हिशेब कोलमडतो. या बुडालेल्या मजुरीला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही.

सरपणाचे पाहा. गॅसची जोडणी घरात आली, पण सिलिंडर संपला की भरायला पैसे नसतात. शेगडी कोपऱ्यात आणि बाई पुन्हा जंगलात. ज्या घरात संडास नाही किंवा आहे पण पाण्यावाचून पडून आहे, तिथल्या बायकांना अंधारात बाहेर जावे लागते. मुलींची शाळा दोन गावे पलीकडे असते आणि वाटेवर जंगल असते. वाघाची बातमी आली की पहिली शाळा सुटते ती मुलीची. बाप म्हणतो, "राहू दे आता घरीच." मुलगी घरी बसली की वर्ष-दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. हाही वाघापायी झालेला खर्चच आहे. त्याचा पंचनामा मात्र कोणी करत नाही.

शेतकऱ्याचे वेगळे. रानडुकरे आणि रोही उभे पीक एका रात्रीत झोपवतात. म्हणून पुरुष रात्रभर शेतात जागलीला जातो आणि दिवसा पेंगत मजुरी करतो. गडचिरोलीत २०२१ पासून ओडिशा-छत्तीसगडच्या बाजूने आलेल्या हत्तींच्या कळपाने धान तुडवले, घरे पाडली. पीक गेल्यावर भरपाईचा अर्ज सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याने करायचा. आपली किती कुटुंबे बटईने किंवा ठेक्याने दुसऱ्याची जमीन कसतात! घाम आपला, जागल आपली, नुकसान आपले. आणि भरपाई मालकाच्या खात्यात. बटई ठरवतानाच 'भरपाई आली तर निम्मी निम्मी' असे चार लोकांसमोर लिहून घेतले पाहिजे.

वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या शेतीला तर पिकाची भरपाईच नाही. तिथे वनहक्काचा पट्टा असावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी सोडून इतरांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आज्याला कोणी अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्या घरात पाऊणशे वर्षांचा कागद कुठून निघणार? कायद्याच्या नियमांत गावातल्या वृद्धांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात. हे अनेकांना माहीत नसते. वस्तीत अजून ऐंशी-नव्वदीची माणसे असतील तर त्यांचे म्हणणे आजच लिहून घ्या.

बैलाचे उदाहरण घ्या. वाघाने बैल मारला तर बाजारभावाच्या पाऊण पट किंवा सत्तर हजार, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. समजा बैल साठ हजारांचा होता. मिळाले पंचेचाळीस हजार. वरचे पंधरा हजार घरातून घालायचे. शिवाय जोडीतला एक गेला की दुसरा दावणीला बांधून राहतो. ऐन पेरणीत पैसे येईपर्यंत नांगर कोणाचा आणायचा? शेळीचे तसेच. पाऊण पट किंवा पंधरा हजार, यांतली कमी रक्कम. शेळी ही गरीब बाईची बँक असते. तिच्या पोटातली पिले कोणी हिशेबात धरत नाही.

हे फक्त विदर्भाचे दुखणे नाही

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल, आपल्याकडे वाघ नाही, आपल्याला काय त्याचे? पण जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्यांनी उसात घर केले आहे. त्यांची पिढ्यान्पिढ्या वीण उसातच होते. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांत बिबट्याने दोन लहान मुले आणि एका वृद्ध स्त्रीचा जीव घेतला. लोकांनी महामार्ग रोखला, आणि बिबट्याला ठार करण्यात आले.

उसाच्या फडाला लागून पाचटाच्या कोपीत कोण राहते? मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे. आई-बाप फडात कोयता चालवतात आणि लेकरू बांधावर झोळीत असते. कोपीला दार नसते, बाहेर दिवा नसते. कारखान्याला आणि मुकादमाला ऊस वेळेवर पाहिजे. कोपीला उजेड आणि लेकरांना आडोसा देणे हे त्यांचे काम नाही काय?

कागद हातात ठेवा

दुःखाच्या वेळी कागद सुचत नाहीत, म्हणून आधीच माहिती असू द्यावी.

एक. हल्ला झाला की वन विभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर आणि गावच्या वनरक्षकाला तात्काळ कळवावे. जखमीला सरकारी दवाखान्यात न्यावे आणि उपचाराचा प्रत्येक कागद जपून ठेवावा.

दोन. मृत्यू झाल्यास पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नये. मन मानत नाही, पण पुढे लेकरांच्या हक्काचा आधार तोच आहे. पंचनाम्यावर सही किंवा अंगठा करण्याआधी शिकलेल्या मुलाकडून तो वाचून घ्यावा.

तीन. गुरे-शेळी मारली गेल्यास ४८ तासांच्या आत कळवावे आणि मढे जागेवरून हलवू नये. रागाने मढ्यावर विष टाकणे हा गुन्हा आहे. त्याने भरपाईही जाते आणि तुरुंगही मिळतो.

चार. पिकाचे नुकसान झाल्यास तीन दिवसांत अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

पाच. मृत्यूच्या मदतीतली काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत मिळते. विधवेचे स्वतःच्या नावाचे खाते असले पाहिजे. दीर, भासरे, गावचा सावकार यांच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. ठेव मोडून गाडी घेणाऱ्यांची घरे वर्षभरात पुन्हा उघड्यावर आलेली आहेत. तो पैसा लेकरांच्या शिक्षणाचा आहे.

सहा. कुंपणात विजेचा चोरटा प्रवाह कधीही सोडू नये. रानडुकरासाठी लावलेल्या तारेने शेजारच्याचा पोरगा जातो, कधी वाघ जातो आणि घरातला कर्ता माणूस तुरुंगात जातो. सौर कुंपणाला अनुदान आहे, त्यासाठी गट करून अर्ज करावा.

मागायचे काय?

वाघ मारून टाका, ही मागणी शहाणपणाची नाही. जो वाघ माणसांवर सरावला आहे, त्याला पकडण्याचा किंवा अगदीच उपाय नसेल तर मारण्याचा अधिकार कायद्यानेच मुख्य वन्यजीव रक्षकाला दिलेला आहे. तो वेळेवर वापरला गेला पाहिजे. पाच-सात बळी होईपर्यंत फायली फिरत राहू नयेत. वाघ दुसरीकडे हलवण्याचेही प्रयत्न झाले. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. पण एक वाघ उचलला की त्याच्या रिकाम्या मुलखात दुसरा येतो. म्हणून खरा उपाय बाईच्या पोटाच्या प्रश्नापाशीच शोधावा लागेल.

ग्रामसभेत ठराव मांडा. तेंदू आणि मोहाच्या हंगामात रोज सकाळी वनरक्षक आणि गावच्या प्राथमिक कृती दलाने आधी जंगलाचा तो भाग पाहून यावा, मगच बायांनी शिरावे. एकटीने जाऊ नये, दहा-बारा जणींनी सोबत राहावे आणि आळीपाळीने दोघींनी उभे राहून लक्ष ठेवावे. या राखणीची मजुरी ठेकेदाराने किंवा वन विभागाने द्यावी. ज्या दिवशी वाघामुळे जंगल बंद केले जाईल, त्या दिवसाची मजुरी मिळावी किंवा त्या दिवशी गावात रोजगार हमीचे काम निघावे. जंगलालगतच्या वस्त्यांना सिलिंडर भरण्यासाठी मदत मिळावी, वस्तीच्या टोकापर्यंत रस्त्यावर दिवे लागावेत, संडासाला पाणी मिळावे. शाळेच्या वाटेवर जंगल आहे तिथे मुलींसाठी गाडी असावी.

ताडोब्याच्या फाटकांवर जिप्सीच्या रांगा लागतात. देशोदेशीचे लोक हजारो रुपये मोजून वाघ पाहायला येतात. काही गावच्या पोरांना वाटाड्याचे, गाडी चालवण्याचे काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण फाटकापासून दूर असलेल्या, पर्यटक कधीच न येणाऱ्या गावांच्या वाट्याला फक्त वाघ आला, पैसा आला नाही. वाघामुळे मिळणाऱ्या पैशातला वाटा वाघाची झळ सोसणाऱ्या गावाला मिळाला पाहिजे. याला कोणी दया म्हणू नये. हा सरळ हिशेब आहे.

वाघ राष्ट्राचा आहे असे सांगतात. मान्य आहे. मग त्याला पोसण्याचा खर्चही राष्ट्राने करावा. आज तो खर्च पानांचे पुडे मोजून संसार चालवणारी बाई करते आहे, कधी बुडालेल्या मजुरीने, कधी मुलीच्या सुटलेल्या शाळेने आणि कधी स्वतःच्या जिवाने. येत्या ग्रामसभेला नवऱ्याला एकट्याला पाठवू नका. स्वतः जा, सोबत चार जणींना न्या, आणि बोलताना हा हिशेब मांडा.